नीळ जास्त झालेली शेवंती

परवा तुम्ही पाठवलेला जास्वंदीचा फोटो मी मोबाइल नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिला. फुलामागे भिंतीचे पोपडे, त्यावर गोणपाटाची वीण, आणि सगळ्यावर जांभळ्या-केशरी रंगाचे थर. आवडला नाही तर थर एका बोटाने काढूनही टाकता येतो, असं तुम्ही सांगितलंत. वर विचारलंत, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

होतं. चढवलेला थर काढता मात्र येत नव्हता. त्याचीच हकिकत लिहिते. क्रमाने लिहीन, मला त्याशिवाय जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. नागपुरात सक्करदऱ्याकडे आमचं बैठं घर होतं, मागे अंगण. घरात चौघं. तुमचे आजोबा कोराडीच्या वीजकेंद्रात पाळीने कामाला जायचे. परत आले की शर्टाच्या कॉलरवर राखेची बारीक रेघ असायची. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, यांना मी मामाजी म्हणत असे. इतवारीतलं कापडाचं दुकान नुकतंच धाकट्या भावावर सोपवून ते घरी बसले होते. सासूबाई होत्या. आणि मी, अमरावतीहून इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन आलेली. शाळांमध्ये अर्ज केले होते आणि उत्तराची वाट पाहत होते.

वाट पाहणं मला कधीच आलं नाही. सकाळची कामं आटोपली की दुपार अंगावर यायची. डबे उंचीप्रमाणे लावून झाले, कपाटातल्या साड्या रंगांप्रमाणे लावून झाल्या, मग पुन्हा डबे. सासूबाई म्हणायच्या, "बस नं वं जरा. तुले पाहून मलेच दम लागते."

अशाच एका दुपारी तुमच्या आजोबांचा जुना कॅमेरा माझ्या हाती आला. त्यांची हौस लग्नाआधीच फिटली होती. सीताबर्डीतल्या एका स्टुडिओने टाकून दिलेलं मोठे फोटो छापायचं यंत्रही माळ्यावर पडून होतं. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली की भर दुपारी आत अंधार होई. तिथे लाल दिव्याखाली मी फोटो छापू लागले. माणसांचे नाही, माणसं स्थिर बसत नाहीत. अंगणातल्या फुलांचे.

रंगीत फिल्म तेव्हा मिळत असे, पण आमच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती. काळा-पांढरा फोटो छापायचा आणि वर हाताने रंग द्यायचा. या रंगांची छोटी पुस्तिका मिळायची, पानापानावर रंग वाळवलेला. पानाचा कपटा कातरून पाण्यात टाकला की रंग सुटे. काडीला कापूस गुंडाळायचा, ओला करायचा, निथळायचा आणि पाकळीवरून एक हात फिरवायचा. मग तो वाळेपर्यंत थांबायचं. वाळला की दुसरा हात. कागदाने रंग एकदा पिऊन घेतला की तो त्याचा झाला.

आणि पोत? तो मामाजींनी दिला.

मामाजींची रंगाची नजर इतवारीत प्रसिद्ध होती. बाई साडीचा पदर दाखवी, हे गादीवरून न उठता नोकराला सांगत, "वरच्या खणातला काढ, त्या मोरपंख्याच्या मागचा." तो ब्लाऊजपीस दुकानातल्या दिव्यात जुळे आणि बाहेर उन्हातही जुळे. दुकान सुटल्यावर ती नजर रिकामी बसली होती. माझ्यासारखेच तेही दुपारभर घरात येरझाऱ्या घालायचे. मी रंग देत बसले की दारातून डोकावून जायचे. एके दिवशी कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं घेऊन आले.

"सूनबाई, तुह्या फुलामागं सारं सपाट हाय. कापडाले वीण असते तसं मागं काहीतरी पायजे."

छापताना कागदावर विरळ कापड ताणून ठेवलं तर त्याची वीण फोटोत उतरते, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. मलमलीने धुक्यासारखं उतरे. मच्छरदाणीच्या जाळीने फूल खिडकीआड गेल्यासारखं दिसे. कामठीच्या मागावरच्या जाड्याभरड्या कापडाची वीण मातीच्या भिंतीसारखी दिसायची. मामाजी तुकडा उजेडात धरायचे, बोटांनी ताणायचे, म्हणायचे, "हा घे." त्यांचं बोट कधी चुकलं नाही.

त्यांचं स्वतःचं फूल म्हणजे पांढरी शेवंती. कुठल्याशा मंडईतून आणलेलं एक रोप त्यांनी दरवर्षी फुटवे काढून वाढवलं होतं आणि आता मागची सगळी भिंत तिने धरली होती. पहिल्या हिवाळ्यात मी तिचा फोटो केला, तेव्हा ते शेजारी स्टुलावर बसून होते.

"पाकळीच्या सावलीत निळी झाक दे. पांढरं कापड कधी नुसतं पांढरं नसते. घडीच्या आत निळं असते."

मी अगदी पाण्यासारखा निळा हात दिला आणि फूल कागदातून वर आलं. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ते म्हणाले, "निळं कमी पडलं."

मी आणखी एक हात दिला.

"दे नं."

"दिला, मामाजी."

"मंग दिसून काहून नाही राहिला?"

दिला. वाळला. पुन्हा दिला. शेवंती आभाळी झाली, मग जांभळट झाली. मामाजी मान हलवत म्हणाले, "हां. आता पांढरी वाटून राहिली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि पदर सावरला. "छान हाय," त्या म्हणाल्या. तुमच्या आजोबांनीही संध्याकाळी "छान आहे" म्हटलं. रंगाच्या बाबतीत त्या घरात मामाजींना कोणी काही म्हणत नसे. जावयाच्या सुटाच्या कापडापासून दाराच्या रंगापर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. फोटो चौकटीत बसवून बैठकीत लावला गेला.

पुढचं मात्र मला सुचलं नसतं. शेजारच्या वहिनी, त्या मामाजींना काकाजी म्हणत, हळदीकुंकवाला आल्या, भिंतीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काकाजींनी सांगितलं असन नं? मंग बरोबरच असन. मले बी असंच निळं-निळं करून दे वं." त्यांच्या बैठकीत एक लागला. त्यांच्याकडे पाहून समोरच्या घरात लागला. हिवाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत जांभळट शेवंती लटकत होती, प्रत्येकीच्या मागे निराळ्या कापडाची वीण. लोकांना वाटलं, ही नवी तऱ्हा आहे.

मला मात्र चैन पडेना. कारण निळं फक्त फोटोत कमी पडत नव्हतं.

मामाजी धोतर वाळत घातलेलं पाहून म्हणत, "पिवळं काहून राहिलं? नीळ घाल." सासूबाई नीळ घालत. पुढच्या वेळी पुन्हा तेच. धोतर हळूहळू निळं होत चाललं. मग तिसऱ्या हिवाळ्यात शेवंतीवरच त्यांचा राग निघाला. म्हणाले, पिवळी पडली. शेणखतवाल्याला बोल लावले, खत बदललं, माती बदलली. नंतर पाळी आपल्या मुलावर आली.

"तुमच्या कोराडीची राख उडून येते. तिनंच पिवळी केली माही शेवंती."

"बाबा, राख करडी असते," तुमचे आजोबा जेवता जेवता म्हणाले.

"मले रंग नको सांगू गा तू."

मी सीताबर्डीवरच्या ग्रंथालयात गेले आणि डोळ्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मागून तिथेच बसून वाचलं. मोतीबिंदू चढताना डोळ्यातलं भिंग आधी पिवळं, मग तपकिरी होतं. निळा रंग आधी जातो. माणसाला ते कळत नाही, कारण ते फार सावकाश होतं. त्याच्या पुढचा परिच्छेद मी दोनदा वाचला. मोतीबिंदू पिकायची वाट पाहतात, पण तो पिकून गेला तर डोळा आतून ताठरतो आणि कायमचा जाऊ शकतो. मामाजींच्या थोरल्या बहिणीचे दोन्ही डोळे असेच गेले होते. त्या आमच्याकडे आल्या की भिंतीला हात लावत चालायच्या आणि मामाजी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

रंग पाहणाऱ्या माणसाचे डोळे जाणार होते. ते गल्लीभर टांगलेलं होतं, आणि वाचू शकत होते मी एकटी.

पण मी सांगणार कसं? सुनेने सासऱ्याच्या तब्येतीबद्दल त्यांच्याशी बोलायची रीत नव्हती, तुमच्या आजोबांमार्फत जावं लागे. मी त्यांना सांगितलं. ते पाळीवरून दमून आले होते.

"बाबांना रंग कळत नाही म्हणतेस?"

"दिसत नाही म्हणते. डॉक्टरांना दाखवा."

"त्यांना सांगू? 'तुमची सून म्हणते तुम्हाला रंग दिसत नाही'? ते उद्यापासून माझ्याशी बोलणार नाहीत."

"नाही बोलले तर चालेल."

"तुला चालेल," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांचंही खोटं नव्हतं. पण त्यानंतर मी घरात स्थिर बसले नाही. मामाजी पायरी उतरत तेव्हा मी दारात असायची. ते रस्त्यावर गेले की मी फाटकाशी.

पौषातली दुपार होती. मी नुकताच शेवंतीचा एक नवा फोटो छापून, धुऊन, काचेवर वाळवला होता. या खेपेला मागे कुठलंच कापड लावलेलं नव्हतं. रंगही अजून द्यायचा होता. तो हातात घेऊन मी अंगणात आले तेव्हा मामाजी खुरपं घेऊन शेवंतीपुढे उभे होते आणि सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"उद्या सारी उपटून टाकतो," ते म्हणाले. "फुटवे बी नाही ठेवत. जातच बिघडली."

"अवो, इतकी वर्सं जपली," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. घाण झालेली पाहवत नाही." त्यांचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "काय हाय? पाहू."

मी फोटो दिला. त्यांनी तो उन्हात धरला, लांब केला, जवळ आणला.

"पहिला हात पिवळा दिला काय?"

"नाही, मामाजी. अजून रंग दिलाच नाही."

"सूनबाई." ते मला रागावत नसत, तेव्हाही आवाज हळूच होता. "दुकानात सारी उमर गेली माही. हा पिवळा हाय."

मग त्यांनी जे केलं ते कापडवाल्यानेच करावं. नव्या कापडाचा रंग पक्का की कच्चा हे पाहायला दुकानात पांढरं फडकं ओलं करून कापडाच्या कोपऱ्यावर घासतात. मामाजींनी धोतराचा सोगा तांब्यात बुडवला, पिळला आणि माझ्या फोटोचा कोपरा चांगला जोर लावून घासला. मग सोगा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. शेवटी तो सासूबाईंपुढे धरला.

"अवं, पाह्य. पिवळा लागला नं?"

सासूबाईंनी तांदळातून मान वर केली. "काही नाही लागला."

"नीट पाह्य."

"नीट पाहिलं. होतं तसंच निळं हाय."

"निळं?"

"मंग? मागल्या सालपासून नीळ घाल, नीळ घाल करून राहिले तुम्ही. दोरीवर टाकलं की शेजारीण विचारते, काकाजींनी आभाळी धोतर काढलं काय."

मामाजींनी सोग्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग शेवंतीकडे, ती त्या उन्हात इतकी पांढरी होती की माझे डोळे बारीक होत होते. त्यांनी खुरपं खाली ठेवलं, पायरी हाताने चाचपली आणि बसले.

"सूनबाई, तुले माहीत होतं?"

"हो."

"सांगितलं काहून नाही?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "तुमाले? अन् रंगातलं? कोण सांगन?"

त्यांना हसू आलं असावं. ओठ हलले. मग त्यांनी विचारलं, "बाईसारखं होईन काय?" बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण.

रीत बाजूला ठेवून मी पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं, तेही न अडखळता, जणू धडाच म्हणून दाखवते आहे. लवकर गेलो तर वाचेल असं सांगितलं. नक्की वाचेल असं मात्र सांगितलं नाही, कारण पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत आहे, उजवा पिकला आहे, आणखी थांबाल तर घालवाल. तेव्हा एकेक डोळा करत; आधी उजवा केला. शस्त्रक्रियेनंतर डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला उताणं निजवून ठेवत. हलायचं नाही, खोकायचं नाही. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारे मामाजी तसे पडून होते आणि मी खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांच्या वाटची अस्वस्थता करत होते. पायाची बोटं तेवढी हलवायची त्यांना मुभा होती. ती सारखी हलत असत.

"शेवंती उपटली त नाही नं कोणी?" एकदा त्यांनी पट्टीखालून विचारलं.

"नाही, मामाजी."

"फुलं हायेत?"

"आहेत. उतरायला लागली आहेत."

"मले दिसाच्या आत जातीन त मंग." आणि थोड्या वेळाने, "दिसलंच त."

पट्टी निघाली, पण जाड भिंगाचा चष्मा मिळेपर्यंत सगळं पाण्यात बुडाल्यासारखं होतं, काही ठरवता येत नव्हतं. चष्मा आला तोवर उन्हं तापली होती. शेवंतीची फुलं केव्हाच गेली होती. मी वाळक्या काड्या छाटून टाकल्या होत्या आणि बुडाशी हिरवे फुटवे धरले होते. पाहायला पांढरं फूल अंगणात एकही नव्हतं. म्हणून मी तोच बिनरंगाचा फोटो आणून दिला.

त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. जाड काचेमागे उजवा डोळा मोठा, माशासारखा दिसत होता.

"याच्यात रंग नाही," ते म्हणाले.

"नाही."

"पांढरी हाय."

"हो."

घासलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. तिथे कागदाची चकाकी गेली आहे. अजूनही उजेडात तिरपं धरलं की दिसतं. मग ते उठले, हात पुढे धरून बैठकीत गेले आणि चौकटीतल्या निळ्या-जांभळ्या शेवंतीपुढे उभे राहिले.

"हे कोणी रंगवलं?"

"मी. तुम्ही सांगितलं तसं."

ते चपला घालून बाहेर पडले. मी मागे गेले. ते शेजारच्या वहिनींच्या बैठकीत शिरले, समोरच्यांच्या शिरले, त्याच्या पुढच्या घरी शिरले. प्रत्येक ठिकाणी भिंतीपुढे उभे राहत, डोळा झाकत, पाहत आणि पाणीसुद्धा न घेता निघत. परत आले तेव्हा तुमचे आजोबा नुकतेच कोराडीहून आले होते.

"साऱ्या गल्लीत माहा मोतीबिंदू टांगला तुम्ही," मामाजी म्हणाले, "अन् कोणी एक शब्द बोललं नाही."

तुमचे आजोबा कॉलरवरची राख झटकू लागले.

मी वहिनींना फोटो बदलून द्यायचं कबूल केलं, तर त्या चौकटीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "राहू दे वं. आता खरी शेवंतीच फिक्की वाटते मले."

मामाजींना मात्र तो बिनरंगाचा फोटो नीट रंगवून हवा होता. लगेच. मी वाटी घेतली, निळ्या पानाचा कपटा टाकला, आणि ते स्टुलावर बसले. पण आता निरखून पाहू लागताच, पिवळं भिंग निघालेल्या उजव्या डोळ्याला सगळंच निळसर दिसत होतं: भिंत, भात, सासूबाईंचे पांढरे केस. "वाटीतलं पाणीच लई निळं हाय," ते म्हणाले. मग हात हलवून उजवा झाकला. "आता पिवळं." पुन्हा डावा झाकला. असं कितीदा तरी केलं. काडीवरचा कापूस माझ्या हातात वाळून गेला.

"ह्या डोळ्याले निळं, त्या डोळ्याले पिवळं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि नजर नसलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "तुले काय दिसते, सूनबाई?"

मी फोटोकडे पाहिलं. इतके हिवाळे त्यांच्या सांगण्यावरून रंगवत आल्यावर मला एकदम सांगता येईना. खोटं बोलायचं नव्हतं.

"फूल समोर असलं तर सांगते," मी म्हटलं.

"मंग हिवाळ्यापर्यंत थांबा लागन."

"हो."

"तवरक हा दुसरा डोळाबी करून टाकू," ते म्हणाले. चष्मा पुन्हा कानांवर चढवून ते अंगणात गेले, शेवंतीपाशी उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरत एकेक फुटवा सुटा करू लागले. सासूबाईंनी कुंड्या आणून दिल्या. मी वाटी हातात घेऊन दारात उभी राहिले, मग तीही खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.